म्हणींचा छापील तक्ता घ्यावा, की मुलांनाच चित्रं काढायला लावावीत?

जून जवळ आला की मराठीच्या शिक्षकाला हा प्रश्न पडतोच. सातवीच्या वर्गात मी दोन्ही करून बघितलंय.

तक्त्याचा पहिला गुण म्हणजे वेळ वाचतो. दुसरा त्याहून मोठा: मुलांनी कधी न पाहिलेल्या वस्तू समोर येतात. 'आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार' ही म्हण फ्लॅटमध्ये वाढलेल्या पोराला सांगताना आड म्हणजे काय आणि पोहरा म्हणजे काय यातच अर्धा तास जातो. चित्रात विहीर, दोर आणि रिकामा पोहरा दिसला की काम झालं. 'काखेत कळसा, गावाला वळसा' ऐकून देवळाचा कळस डोळ्यांपुढे आणणारी मुलं मला दरवर्षी भेटतात. कळशी कमरेवर घेतलेली बाई दाखवली की हसतात आणि विसरत नाहीत. 'दुष्काळात तेरावा महिना'पुढे मात्र तक्ता हात टेकतो. भेगाळलेली जमीन काढता येते, अधिक महिना कसा काढणार? तिथे २०२३ चं जुनं कॅलेंडर उघडून दोन श्रावण दाखवलेले बरे.

पण निबंध सुधारायचा असेल तर म्हणींपेक्षा वाक्प्रचार जास्त उपयोगी पडतात, आणि तक्ता नेमका तिथेच कमी पडतो. म्हण हे बहुधा सबंध वाक्य असतं, परिच्छेदाच्या शेवटी जसंच्या तसं चिकटवता येतं (आणि मुलं ते चिकटवतातच). वाक्प्रचार वाक्यात मुरवावा लागतो. 'कानाडोळा करणे'चं चित्र बघून एकाने लिहिलं, 'राजूने अभ्यासाला कानाडोळा केला.' अर्थ पक्का, वाक्य कच्चं. 'अभ्यासाकडे'मधला 'कडे' कुठलाच चित्रकार काढू शकत नाही. 'पाणी पाजणे'चं तर विचारू नका. चित्रात पेला दिसला की तहानलेला वाटसरू वहीत हजर. हरवणं राहिलं बाजूला.

मुलांनी स्वतः काढायचं तर तासाला दोनच वाक्प्रचार होतात, आणि चित्रं बघण्यासारखी नसतात. माझी अट एवढीच: चित्रात किमान दोन माणसं हवीत, दोघांच्या तोंडी एकेक वाक्य हवं आणि खाली तीन ओळींचा प्रसंग. अर्थ लिहायचा नाही. यामुळे कोणी, कोणाला, कशावरून हे ठरवावंच लागतं, आणि विभक्ती बरीचशी तिथेच सुटते.

'हात वर करणे' दिलं होतं तेव्हाची गोष्ट. एका मुलीने सोसायटीच्या गणपतीचा मांडव काढला, वर्गणीचा हिशेब मागणाऱ्या काकू, समोर खजिनदार काका. खाली: 'हिशेब विचारताच काकांनी हात वर केले.' शेजारच्या मुलाने वर्ग काढला आणि लिहिलं, 'बाईंनी प्रश्न विचारला, मी हात वर केला.' दोन्ही वह्या फळ्याजवळ शेजारी धरल्या. 'केला' आणि 'केले' यातला फरक मला समजावावा लागला नाही, मागच्या बाकावरून आवाज आला, "बाई, याचा एकच हात आहे!" छापील तक्त्यावर ही चूक कोणी केलीच नसती, म्हणून ती कळलीही नसती.

तेव्हा हिशेब असा. परीक्षेतल्या 'अर्थ सांगून वाक्यात उपयोग करा'पुरतंच हवं असेल तर दोन्ही सोडा, यादी आणि उजळणी पुरते. पाचवी-सहावीचा वर्ग असेल, म्हणींची नुसती ओळख करून द्यायची असेल, तर तक्ता घ्या. फक्त खाली छापलेल्या अर्थाच्या पट्टीवर आठवडाभर कोरा कागद चिकटवून ठेवा. सातवीच्या पुढे आणि डोळा निबंधावर असेल तर पैसे वाचवा, आठवड्यातला एक तास द्या. पट चाळीसच्या वर असेल तर जोड्या करा: एकाने चित्र, दुसऱ्याने प्रसंग, पुढच्या आठवड्यात अदलाबदल. नाहीतर चित्रकला बरी असलेली मुलं वर्षभर चित्रंच काढत बसतात आणि लिहिणं दुसऱ्याच्या गळ्यात मारतात.