फेसबुक, गूगल, इन्स्टाग्राम, लिंक्डइन: नॉनबायनरी माणसांसाठी लिंगाचा रकाना कुणाचा बरा?

खातं उघडताना लिंगाचा रकाना बहुतेकजण न थांबता भरून पुढे जातात. ज्यांना स्वतःला पुरुषही म्हणवत नाही आणि स्त्रीही, त्यांची गाडी तिथेच अडते. कारण त्या एका रकान्यात तीन प्रश्न कोंबलेले असतात: ओळखीला काय म्हणायचं, उल्लेख कसा करायचा आणि हे सगळं दिसणार कुणाला? तिन्ही प्रश्न वेगळे ठेवणारा रकाना चांगला. या हिशेबाने गूगल पुढे आहे आणि शब्दांची सर्वांत मोठी यादी देणारं फेसबुक मागे.

फेसबुकने फेब्रुवारी 2014 मध्ये अमेरिकेत पन्नासहून अधिक पर्याय दिले तेव्हा त्या आकड्याचंच कौतुक झालं. यादी नीट वाचली की आकडा ओसरतो. 'सिस' म्हणजे जन्मावेळी नोंदलेल्या लिंगाशी जुळणारी ओळख. एकट्या 'सिस'चीच दहाएक रूपं त्यात होती, आणि 'ट्रान्स'ची, म्हणजे न जुळणाऱ्या ओळखीची, बरीच रूपं एकदा तारांकनासह, एकदा त्याविना. खरी अडचण मात्र वेगळ्या जातीच्या गोष्टी एकाच पंगतीत बसवल्याची. इंटरसेक्स हे शरीराचं वर्णन आहे: गुणसूत्रं, संप्रेरकं किंवा जननेंद्रियं ठरावीक स्त्री-पुरुष साच्यात न बसणं. इंटरसेक्स व्यक्ती स्त्री असू शकते, पुरुष असू शकते, नॉनबायनरीही असू शकते. जेंडर नॉनकन्फॉर्मिंग हे मुख्यतः पेहराव आणि वागण्याबद्दल बोलतं. टू-स्पिरिट हा शब्द उत्तर अमेरिकेतल्या मूलनिवासी समाजांमधल्या समलिंगी आणि लिंगभिन्न माणसांनी 1990 मध्ये कॅनडातल्या विनिपेगच्या मेळाव्यात स्वतःसाठी स्वीकारला. तो आवडला म्हणून पुण्या-नागपुरात बसून निवडण्यासारखा नाही.

हे बाजूला काढलं की कामाचे शब्द मोजकेच उरतात. नॉनबायनरी ही मोठी छत्री. कोणतंच लिंग आपलं वाटत नसेल तर एजेंडर. लिंगभाव आहे पण तो तटस्थ आहे असं वाटत असेल तर न्यूट्रॉइस. हे दोन शब्द वापरात बऱ्याचदा एकमेकांवर चढतात. दोन लिंगभाव, एकाच वेळी किंवा आलटूनपालटून, म्हणजे बायजेंडर. काळाप्रमाणे बदलत राहणारा तो जेंडरफ्लुइड. जेंडरक्वीअर याच परिसरातला, पण अधिक बंडखोर सुराचा. नक्की काय ते ठरत नसेल तर 'नॉनबायनरी' एवढंच लिहिणं पुरेसं आहे. आणि 'तृतीयपंथी' हा याचा मराठी प्रतिशब्द समजू नये: आपल्याकडे तो प्रामुख्याने हिजडा समाजासाठी रूढ झाला आहे, आणि त्या समाजाला स्वतःची परंपरा आणि गुरू-चेल्यांची रचना आहे.

फेब्रुवारी 2015 मध्ये फेसबुकने यादीबाहेरचा शब्द स्वतः टाइप करण्याची सोय दिली, ती यादीपेक्षा कितीतरी उपयोगी. खोट आहे ती पुढच्या पायरीत. नोंदणीत 'कस्टम' निवडलं की सर्वनाम निवडणं बंधनकारक. लिंगाचा शब्द मात्र ऐच्छिक. आणि सर्वनाम सगळ्यांना दिसतं, तशी सूचना तिथेच बारीक अक्षरांत असते. म्हणजे ओळखीचा शब्द लपवला तरी 'ही' किंवा 'शी'ऐवजी एका माणसासाठी वापरलेलं 'दे' (they) हे इंग्रजी सर्वनाम आत्याबाईंपर्यंत पोहोचणारच. घरी सांगितलेलं नसेल तर हा रकाना धोक्याचा आहे.

मराठीत सर्वनामाचं गणित आणखी वेगळं. 'तो' आणि 'ती' टाळून आदरार्थी बहुवचन धरलं तर 'त्यांना शुभेच्छा द्या', 'त्यांनी फोटो टाकला' ही वाक्यं कोणालाही चालतात. दुसऱ्या वाक्यात क्रियापद फोटोप्रमाणे चालतं, माणसाप्रमाणे नाही. 'तुम्ही आलात' यातही लिंग कळत नाही. पेच पडतो तो 'ते आले' की 'त्या आल्या' इथे. स्वतःबद्दल लिहिताना 'मी आलो' की 'मी आले' हा प्रश्न तर कुठलंच सर्वनाम सोडवत नाही. म्हणून इन्स्टाग्रामचा 2021 मध्ये आलेला सर्वनामांचा रकाना मराठी वापरासाठी जवळजवळ निरुपयोगी वाटतो. 'एडिट प्रोफाइल'मध्ये तो सापडतो, चार शब्दांपर्यंत निवडता येतात, पण ठरलेल्या यादीतूनच. फक्त फॉलोअर्सना दाखवण्याचं बटण आहे, ते मात्र चांगलं. मराठीत काही सांगायचं असेल तर ते बायोच्या 150 अक्षरांत लिहावं. तिथला लिंगाचा रकाना वेगळा असून तो प्रोफाइलवर दिसत नाही.

गूगलमध्ये खात्याच्या 'वैयक्तिक माहिती' विभागात जाऊन लिंग उघडा. पुरुष, स्त्री, सांगायचं नाही, आणि कस्टम. कस्टममध्ये हवा तो शब्द लिहा, देवनागरीतही चालतो. त्याखाली तुमचा उल्लेख पुरुष, स्त्री की अन्य असा करायचा, हे स्वतंत्रपणे विचारतात. दिसण्याची सेटिंग याच पानावर: फक्त मला किंवा सगळ्यांना, मुळात ती 'फक्त मला'वर असते. तीन प्रश्न, तीन उत्तरं. उणीव अशी की मधला पर्याय नाही, म्हणजे निवडक माणसांना दाखवता येत नाही. शिवाय ही माहिती जाहिराती निवडायलाही वापरली जाते. ते नको असेल तर 'सांगायचं नाही' निवडावं. तेव्हा उल्लेखही लिंगनिरपेक्ष होतो.

लिंक्डइनवर सर्वनाम नावाशेजारी झळकतं, ते स्वतः लिहिता येतं, आणि थेट संपर्कातल्यांनाच दाखवायचं की सगळ्या सदस्यांना, हे ठरवता येतं. नोकरी शोधत असाल तर आधी थेट संपर्कांपुरतं ठेवा. मात्र सध्याच्या कचेरीतले सहकारी बहुधा त्याच यादीत असतात, तेव्हा ती यादी चाळून मगच भरा. या चारांपैकी कुणीही लिंगाच्या रकान्यासाठी दाखला मागत नाही, त्यामुळे आधारवरच्या नोंदीशी तो जुळवत बसायची गरज नाही.