तो वाचला कसा? ‘शेरलॉक’ आणि ‘एलिमेंटरी’पैकी काय बघावं

परवा भाच्याचा फोन आला. मामा, दहावी संपली, निकालापर्यंत रिकामाच आहे, शेरलॉक होम्स बघायचाय पण आजच्या काळातला, घोडागाडीवाला नको, तर लंडनवाला ‘शेरलॉक’ बघू की न्यूयॉर्कवाला ‘एलिमेंटरी’? मी म्हटलं दोन्ही बघ. तर म्हणे दोन्ही बघायचे असते तर तुला फोन कशाला केला असता. तेही खरंच आहे म्हणा.

तर हे त्याच्यासाठी, आणि ज्या कोणाला हाच प्रश्न पडला असेल त्याच्यासाठी. मी दोन्ही पूर्ण बघितल्यात, एक तर दोनदा, आणि बहुतेक वेळा सोबत बाबा होते. त्यामुळे माझं मत आणि बाबांचं मत आता एकमेकांत इतकं मिसळलंय की वेगळं काढता येत नाही, तेवढं सांभाळून घ्या.

कोण नट, कोण लेखक हे बहुतेकांना माहीतच असेल, त्यात वेळ घालवत नाही. फक्त एक गंमत सांगतो. ‘शेरलॉक’चा बेनेडिक्ट कंबरबॅच आणि ‘एलिमेंटरी’चा जॉनी ली मिलर, म्हणजे आपले दोन्ही होम्स, 2011 मध्ये लंडनच्या नॅशनल थिएटरमध्ये एकाच नाटकात होते. डॅनी बॉयलचं ‘फ्रँकेन्स्टाइन’. एक दिवस हा राक्षस आणि तो शास्त्रज्ञ, दुसऱ्या दिवशी उलटं. पुढं बक्षीसही दोघांना मिळून एकच मिळालं. तेव्हा यातला चांगला नट कोणता हा वाद मी तरी घालत नाही. लोक घालतात, घालू द्या.

खरा फरक वेळेचा आहे असं आधी वाटतं. ‘शेरलॉक’चे सगळे मिळून 13 भाग, प्रत्येक दीड तासाच्या आसपास, 2010 ला सुरू आणि 2017 ला खलास. ‘एलिमेंटरी’चे 154 भाग, सात सीझन, 2012 ते 2019. बाबांनी कॅलेंडरच्या मागं हिशोब मांडला, 42 मिनिटांचा एक भाग धरला तर जवळपास 108 तास होतात, म्हणे जपमाळेएवढे झाले. एक सिनेमासारखं आहे, एक रोजच्या जेवणासारखं. पण खरं सांगू का, आमच्या घरात निकाल यावर लागला नाही.

आधी ‘शेरलॉक’ची बाजू, कारण पहिल्या भागाएवढं चांगलं मी या प्रकारात फार कमी बघितलंय. मूळ कादंबरी 1887 ची, त्यात होम्सचा सोबती डॉक्टर वॉटसन अफगाणिस्तानात जखमी होऊन परत येतो, आणि 2010 च्या वॉटसनलाही लेखकांनी अफगाणिस्तानातूनच आणलं, काही बदलावंच लागलं नाही, सव्वाशे वर्षं झाली तरी लढाई तिथंच. जुन्या गोष्टीत होम्स खिशातल्या घड्याळाच्या चावीच्या भोकाभोवतीचे ओरखडे बघून सांगतो की घड्याळाचा मालक पिणारा होता, हात थरथरायचे. इथं तेच मोबाइलच्या चार्जिंगच्या भोकावर. मूळ वाचलेला माणूस सोफ्यावर उडीच मारतो. कादंबरीत भिंतीवर एक जर्मन शब्द रक्तानं लिहिलेला असतो, पोलिसांना वाटतं ‘रेचल’ लिहायचं राहिलं आणि होम्स त्यांना मूर्खात काढतो, तर मालिकेत नेमकं उलटं केलंय, तिथं खरंच रेचल निघते. म्हणजे ज्यानं पुस्तक पाठ केलंय त्यालाच जास्त फसवलंय. हे मला फार आवडलं. घरमालकीण मिसेस हडसन, होम्सचा तो शत्रू, म्हणजे अँड्र्यू स्कॉटचा मोरियार्टी, वॉटसन झालेल्या मार्टिन फ्रीमनचा कंटाळलेला चेहरा, सगळं एक नंबर. कोणी म्हणालं की मला यातलीच आवडते तर मी त्याच्याशी भांडणार नाही.

फक्त नागपुरात मे महिन्यात बघू नका. मस्करी नाही करत. बाहेर 45 डिग्री, खोलीत कूलर हायवर, नवीन ताट्या लावलेल्या, पाण्याचा आणि पंख्याचा मिळून आवाज असा की शेजारच्यानं हाक मारली तर ऐकू येत नाही, आणि त्यात हा कंबरबॅच एका श्वासात चाळीस शब्द बोलतो. मग सबटायटल लावायचे. पण या मालिकेत स्क्रीनवर आधीच अक्षरं उडत असतात, कोणाचा मेसेज आला, कोणाच्या बुटावर काय दिसलं, सगळं हवेत लिहून येतं. म्हणजे खालचं वाचू की वरचं वाचू की त्याचं तोंड बघू. आई पंधराव्या मिनिटाला उठून सांडगे बघायला गच्चीवर गेली ती परत आली नाही. मिलरही फटाफट बोलतो, खोटं कशाला सांगू, पण तो बोलल्यावर जरा थांबतो आणि कोणीतरी त्याला विचारतं की म्हणजे काय, मग तो परत सांगतो. कूलरवाल्या घराला हे बरं पडतं.

पण हेही एकवेळ चालून गेलं असतं, कूलर बंद करून घामाघूम होऊनही बघितलं असतं. आमचं बिनसलं ते वेगळ्याच जागी.

माहीतच असेल, दुसऱ्या सीझनच्या शेवटी शेरलॉक हॉस्पिटलच्या छतावरून उडी मारतो, खाली वॉटसन बघत असतो, रक्त, नाडी बंद, कबर, सगळं होतं, आणि अगदी शेवटच्या सेकंदाला दिसतं की हा तर जिवंत उभा आहे. आता इतकी वर्षं झाली, याला स्पॉयलर म्हणू नका. ते जानेवारी 2012 मध्ये दाखवलं आणि पुढचा भाग थेट जानेवारी 2014 ला. दोन वर्षं सगळं जग डोकं लावत होतं, वाचला कसा, वाचला कसा. आम्ही बघितलं उशिरा, आम्हाला दोन वर्षं नाही थांबावं लागलं, एक रात्रच, पण त्या एका रात्रीत बाबांनी चार थिअऱ्या काढल्या. आमचे बाबा म्हणजे ट्रेझरीतून रिटायर झालेले. अख्खी नोकरी एकाच कामात गेली, बिलामागं व्हाउचर नसेल तर ऑब्जेक्शन लावून परत. सकाळी तर्री-पोहे आणायला गेलो तेव्हाही रस्त्यात, अरे तो कचऱ्याचा ट्रक होता ना तिथं, तो उगीच नाही उभा केला.

संध्याकाळी पुढचा भाग लावला. सुरुवातीलाच दाखवतात की तो दोरीला बांधून उडी मारतो, खिडकीतून आत येतो, आणि एक जादूगार येऊन वॉटसनला झोपवतो. बाबा सरसावून बसले. मग कळतं की हा त्या अँडरसनच्या, म्हणजे पोलिसांच्या फॉरेन्सिकवाल्याच्या, डोक्यातला खेळ. बरं. मग आणखी एक, तो तर निव्वळ चावटपणा, बाबांनी पाण्याची बाटली शोधायला सुरुवात केली. मग शेवटी शेवटी शेरलॉक स्वतः अँडरसनसमोर बसून सांगतो, हवेची मोठी गादी, दुसऱ्याचं प्रेत, नाडी थांबवायला काखेत चेंडू, रस्त्यावरची सगळी माणसं आपलीच. ट्रक नव्हताच कामाचा. पण ठीक आहे, उत्तर तर आलं. आणि तेवढ्यात अँडरसन म्हणतो की असं होय, मला वाटलं काहीतरी भारी असेल, आणि मग त्यालाच शंका येते की हा मला खरं कशाला सांगेल. आणि तो प्रसंग तिथंच सोडून देतात! खरं काय, खोटं काय, तुम्ही बघा.

बाबांनी रिमोट घेऊन पॉज केलं. “मंग वाचला कसा?”

मी म्हटलं बाबा, ते मुद्दाम तसं ठेवलंय, गंमत आहे ती, जे लोक दोन वर्षं डोकं लावत बसले त्यांची थट्टा केलीय.

“आपली थट्टा काहून? आपण तर पूर्ण लक्ष देऊन बघून राहिलो होतो.”

याला माझ्याकडं उत्तर नव्हतं आणि आजही नाही. खूप लोकांना तो भाग आवडतो, हुशार आहे, हसवतो, वॉटसन त्याला हॉटेलात आडवा पाडतो तो सीन तर भारीच, मान्य. पण डिटेक्टिव्ह गोष्ट म्हणजे शेवटी देणं असतं ना राव. तुम्ही प्रेक्षकाकडून तास-दीड तास उसना घेता, कोडं घालता, आणि शेवटी उत्तर देऊन फेडता. मूळ लेखक आर्थर कॉनन डॉयलनं 1893 मध्ये होम्सला धबधब्यात पाडलं आणि 1903 मध्ये परत आणलं, दहा वर्षांनी, तेही मनात नसताना, लोकांनी पाठच सोडली नाही म्हणून. आणि उत्तर काय, तर बारित्सू नावाची जपानी कुस्ती येत होती, मोरियार्टीच्या हातातून निसटलो, तो एकटाच पडला, मी कडा चढून वर गेलो. बस. फार काही ग्रेट उत्तर नाहीये ते. पण आहे. बाबांच्या भाषेत, व्हाउचर चुरगळलेलं आहे पण जोडलंय. इथं लेखक म्हणतात व्हाउचर मागणाराच वेडा.

एकदा ते मनात बसलं की पुढं सगळीकडं तेच दिसायला लागलं. तिसऱ्या सीझनच्या शेवटी मेलेला मोरियार्टी सगळ्या टीव्हींवर येतो, मिस मी म्हणतो, आणि मग तीन वर्षांनी त्याचं जे काय होतं ते बघून मी गप्प बसलो आणि बाबा झोपले. चौथ्या सीझनचा शेवटचा भाग, ते बेट, तो तुरुंग, त्या खोल्या, त्यावर बोलत नाही. कदाचित माझीच अक्कल कमी पडली असेल.

आता ‘एलिमेंटरी’. यात उधारी नाही. केस त्याच दिवशी घेतली, 42 मिनिटांत मिटवली, खुनी कोण, का, कसा, सगळं सांगून बंद. अर्थात तोटाही हाच आहे, साचा लवकर कळतो. पहिला संशयित कधीच नसतो, दुसराही नसतो, आणि विसाव्या मिनिटाला जो माणूस उगीचच खूप मदत करून राहिला असतो तो असतो. बाबांनी वहीत लिहायला सुरुवात केली, भाग नंबर, माझा अंदाज, बरोबर का चूक. मध्ये मध्ये काही भाग अगदी पाणचट आहेत, 154 मध्ये असणारच, ते पळवले तरी चालतात, पाचव्या सीझनच्या आसपास मलाही कंटाळा आला होता.

पण मी टिकलो ते केसेससाठी नाही, त्या दोघांसाठी. इथला होम्स नशामुक्ती केंद्रातून बाहेर आलेला आहे, आणि त्याच्यावर लक्ष ठेवायला त्याच्या वडिलांनी पगार देऊन जोन वॉटसनला, म्हणजे लूसी ल्यूला, सहा आठवड्यांसाठी ठेवलंय. ती आधी सर्जन होती, एक पेशंट गेला आणि तिनं ते सोडलं. ती हळूहळू शिकते. पहिल्या सीझनमध्ये ती विचारते, पुढं पुढं ती सांगते, आणि एका टप्प्यानंतर तिच्या स्वतःच्या केसेस असतात. लंडनच्या वॉटसनला चार सीझनमध्ये हे भाग्य नाही मिळालं, तो बिचारा चकित व्हायच्या ड्यूटीवरच राहिला. आणि हा होम्स चुकला तर माफी मागतो, वाकड्या तोंडानं मागतो पण मागतो. त्याच्या मीटिंगा, त्याचा तो अल्फ्रेडो नावाचा सोबती, व्यसन सुटणं म्हणजे एकदा सुटलं असं नसून रोज सकाळी परत सोडावं लागतं, हे मला कुठल्याच होम्समध्ये इतकं नीट दिसलं नव्हतं. आमच्या नात्यात एकजण यातून गेलाय म्हणून मला जास्त लागलं असेल, असू शकतं. घराच्या गच्चीवर मधमाश्या आणि घरात क्लाइड नावाचं कासव, हे बोनस.

मूळ पुस्तकाशी इमान कोणाचं जास्त, तर वरवर बघता लंडनचं. यांनी तर मोरियार्टीच्या बाबतीत जे केलंय ते ऐकून मूळचे भक्त चिडतात, काय केलंय ते सांगत नाही, पहिल्या सीझनच्या शेवटापर्यंत थांबा. मला ते पटलं.

आई मात्र वेगळ्याच कारणानं बसून राहिली. एक बाई आणि एक माणूस एका घरात राहतात, एकमेकांसाठी जीव टाकतात, म्हणजे लग्न कधी लागते यांचं एवढंच तिला बघायचं होतं. सात सीझन. शेवटच्या भागानंतर तिनं मला अशा नजरेनं बघितलं की जसं मीच लागू दिलं नाही.

बाकी जपानी बाई होम्स झालेला आठ भागांचा आहे, आपल्याकडचा के के मेननवाला बंगालमधला आहे, ते मी यात धरले नाहीत, त्यावर पुन्हा कधी. जेरेमी ब्रेटचा जुना आहे तो तर सगळ्यांचा बाप, पण भाच्याला घोडागाडी नकोय.

तर मी भाच्याला सांगितलं, दोन महिने आहेत तर ‘एलिमेंटरी’ धर, दिवसाला दोन-तीन भाग, लाइट जायच्या आत एक तरी पूर्ण होतो. आणि अगदीच राहवलं नाही तर ‘शेरलॉक’चे पहिले सहा बघ, ते नाही बघितले तर तुझंच नुकसान आहे, पण सहाव्यानंतर, तो कबरीजवळ उभा दिसला की, टीव्ही बंद कर. आणि इकडं आलास तर तो वाचला कसा हे चुकूनही आजोबांना विचारू नको, मला रात्री झोपायचं असतं.