सीआरपी की एसजीपीटी? जुनाट हिपॅटायटिसमध्ये यकृताचा दाह नेमका कशातून कळतो

आपल्याला हिपॅटायटिस बी आहे हे सांगली-मिरजेकडे अनेकांना पहिल्यांदा कळते, ते रक्तदानानंतर रक्तपेढीतून आलेल्या निरोपामुळे. माणूस धडधाकट असतो, ताप नसतो, डोळे पिवळे नसतात, आणि तपासण्यांची लांबलचक यादी मात्र हातात पडते. माझ्या चाळीस वर्षांच्या चुलतभावाचेही असेच झाले. घाबरून त्याने सगळ्या तपासण्यांचे एक पॅकेज करून घेतले. त्यात सीआरपी आणि ईएसआर या शरीरातला दाह दाखवणाऱ्या दोन्ही तपासण्या व्यवस्थित आल्या, तेव्हा अंगात सूज नाही म्हणून घरात सर्वांनी सुटकेचा निःश्वास टाकला. त्याच कागदावर खाली यकृताच्या तपासण्यांत एसजीपीटी ८१ आणि एसजीओटी ६० असे छापलेले होते, त्याकडे कोणाचे लक्षच गेले नाही.

सीआरपी ही दाहाची तपासणी आहे हे खरे, पण हे प्रथिन तयार होते यकृतातच. शरीरात जिवाणूंचा जोरदार संसर्ग झाला की इंटरल्युकिन-६ या संदेशवाहकाच्या सांगण्यावरून यकृताच्या पेशी ते भराभर बनवतात आणि काही तासांत त्याची पातळी चढते. हिपॅटायटिस बी किंवा सी वर्षानुवर्षे यकृतात धुमसत असतो, तेव्हा असा जोराचा इशारा बहुधा मिळत नाही. त्यामुळे यकृतात दाह असूनही सीआरपी नॉर्मल राहू शकते, आणि सिऱ्होसिस, म्हणजे यकृत कडक होऊन निकामी होत जाणे, पुढच्या टप्प्यावर गेला असेल तर ते बनवण्याची यकृताची ताकदच घटलेली असते. म्हणून नॉर्मल सीआरपीवरून यकृत सुखरूप आहे असा निष्कर्ष काढणे मला धोक्याचे वाटते. सिऱ्होसिसच्या रुग्णाला ताप आला किंवा पोटात पाणी झाले तर ही तपासणी जरूर उपयोगी पडते, पण तेव्हा शोध असतो तो वेगळ्या संसर्गाचा.

ईएसआर तर रक्तक्षयानेही वाढतो, आणि फेरिटिन हे लोह साठवणारे प्रथिन साठलेले लोह, दारू, चरबीयुक्त यकृत आणि दाह या सर्वांनीच वाढते. यकृतातला दाह ओळखण्यासाठी या दोन्हींवर पैसे घालवू नयेत.

एसजीपीटीचे तसे नाही. हे विकर मुख्यतः यकृताच्या पेशींत असते आणि पेशींना इजा झाली की रक्तात उतरते, म्हणजे दाहाने केलेले नुकसान ते बऱ्यापैकी थेट दाखवते. अडचण आहे ती मर्यादेची. प्रयोगशाळेच्या कागदावर ४० किंवा त्याहूनही वरचा आकडा नॉर्मल म्हणून छापलेला असतो, तर जागतिक आरोग्य संघटना हिपॅटायटिस बीच्या उपचारांचा विचार करताना पुरुषांसाठी ३० आणि स्त्रियांसाठी १९ ही मर्यादा धरते. त्यामुळे एखाद्या बाईचे एसजीपीटी ३२ आले तर कागदावर ठळक अक्षर दिसणार नाही, पण डॉक्टरांनी त्याची दखल घ्यायला हवी. शिवाय हा आकडा खाली-वर होत राहतो आणि तो नॉर्मल असतानाही आत दाह असू शकतो, म्हणून एकाच अहवालापेक्षा काही महिन्यांच्या अंतराने घेतलेल्या दोन-तीन अहवालांना मी अधिक किंमत देईन.

एसजीओटी एकटे पाहण्यात फारसा अर्थ नाही, पण प्लेटलेटच्या जोडीला ते फार कामाचे ठरते. यकृत कडक होत गेले की प्लीहा मोठी होते आणि प्लेटलेट कमी होतात. एप्री हा निर्देशांक याच गोष्टीवर उभा आहे. भावाचे एसजीओटी ६०, प्रयोगशाळेची मर्यादा ४०, म्हणजे दीडपट. दीडला १०० ने गुणले आणि त्याच्या दोन लाख प्लेटलेट म्हणजे हजारांत २०० ने भागले की ०.७५ येते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२४ च्या मार्गदर्शनानुसार हिपॅटायटिस बीमध्ये ०.५ च्या वरचा आकडा लक्षणीय फायब्रोसिसकडे, म्हणजे यकृतात व्रणासारखे तंतू साचण्याकडे, तर १ च्या वरचा सिऱ्होसिसकडे बोट दाखवतो. फिब-४ या दुसऱ्या निर्देशांकात वय आणि एसजीपीटीही धरतात. त्याच कागदावरून तो १.३३ आला, म्हणजे १.४५ च्या खाली, दिलासा देणारा. एकाच रक्ताचे दोन हिशेब असे दोन दिशांना गेले.

डॉक्टरांनी तेव्हा विचारले, तालमीत जातोस का? तो रोज पहाटे जोर-बैठका मारतो. एसजीओटी स्नायूंतही असते आणि जोरदार मेहनतीनंतर काही दिवस चढलेले राहते. आठवडाभर मेहनत थांबवून पुन्हा रक्त दिले तेव्हा एसजीओटी ४४ आणि एप्री ०.५५ आले. आकडा उतरला, पण रेषेच्या वरच राहिला, म्हणून यकृताचा कडकपणा मोजणारे फायब्रोस्कॅन ठरले. त्यात ७ किलोपास्कलच्या वरचे माप लक्षणीय फायब्रोसिसचे आणि १२.५ च्या वरचे सिऱ्होसिसचे मानतात. मात्र एसजीपीटी फार चढलेले असेल किंवा नुकतेच जेवण झाले असेल तर हे माप फुगते, म्हणून आधी तीन तास पोट रिकामे ठेवावे.

पैसे मोजकेच असतील तर सीआरपीचे पॅकेज सोडून एसजीपीटी, एसजीओटी, प्लेटलेट आणि विषाणूचा भार, म्हणजे रक्तातले विषाणूचे प्रमाण, या चार गोष्टी कराव्यात. बीमध्ये हा भार २,००० आंतरराष्ट्रीय एकक प्रति मिलिलिटरच्या वर असेल आणि एसजीपीटीही वाढलेले असेल, तर उपचारांचा सल्ला दिला जातो. सीमध्ये मात्र एसजीपीटी कितीही असो, रक्तात विषाणूचा आरएनए, म्हणजे त्याचे जनुकीय द्रव्य, सापडला की उपचार करायचेच, आणि साधारण १२ आठवड्यांच्या गोळ्यांनी बहुतेक रुग्ण पूर्ण बरे होतात. २८ जुलै २०१८ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय विषाणूजन्य हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रमात बी आणि सी दोन्हींच्या तपासण्या आणि औषधे मोफत मिळतात, तेव्हा खासगीत विषाणूचा भार मोजायला पैसे भरण्याआधी जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयात चौकशी करावी, आणि जाताना जुने सगळे अहवाल तारखेप्रमाणे लावून बरोबर न्यावेत.