दांडिया बाजारातल्या घरात स्लॅब कापून काच बसवली, त्याचा अनुभव

दोन पावसाळे आणि एक उत्तरायण (संक्रांतीचा पतंगांचा सण) काढून झाल्यावर लिहितेय, कारण काच बसवली त्या आठवड्यात लिहिलं असतं तर पाचपैकी पाच देऊन मोकळी झाले असते.

आमचं घर दांडिया बाजारातलं. ज्यांनी बडोद्यातली ही घरं पाहिलीयत त्यांना पुढचं सांगायला नको, रुंदी 11 फूट, लांबी आगगाडीसारखी, दोन्हीकडे शेजाऱ्यांशी सामाईक भिंती, उजेड एकतर पुढून गल्लीतून नाहीतर मागून मोरीकडून. मधल्या खोलीत भर दुपारी बाराला पण ट्यूब. सासूबाईंचे देव तिथेच, भाजी निवडणं तिथेच. त्या सांगतात पूर्वी वर कौलं होती आणि त्यात एक काचेचं कौल होतं, त्यातून पडणारा कवडसा सकाळी कोठीपाशी असायचा आणि सरकत सरकत पाट्यापर्यंत आला की मुलं शाळेतून यायची वेळ झाली. 1986 ला मामंजींनी स्लॅब टाकला, छत पक्कं झालं आणि कवडसा गेला तो गेलाच.

मार्च 2024 ला ठरवलं की वर स्कायलाइट करायचा. दोघातिघांनी भाव दिले, सगळ्यात स्वस्त पॉलिकार्बोनेटच्या, म्हणजे प्लास्टिकच्या शीटचा होता. पण शेजारच्या वाडीत एकाकडे ती आहे, चार वर्षांत पिवळी पडली आणि पावसात पत्र्यासारखी वाजते, म्हणून काचच घ्यायची ठरली. मग एक ॲल्युमिनियम सेक्शनवाला, म्हणजे चौकटी करून काचा बसवणारा, पक्का केला, त्याचं नाव लिहीत नाही, का ते शेवटी कळेल. तो आला, टेप लावली, म्हणाला "बेन, चिंता ना करो, बे दिवसमां थई जशे." दोन दिवस! आम्ही पण भोळे.

नशीब की यांच्या ओळखीचे एक स्ट्रक्चरल इंजिनिअर आहेत, त्यांना आधी दाखवलं. सेक्शनवाला मारे आडवी 4 फुटी काच सांगत होता, म्हणजे घराच्या लांबीत. इंजिनिअर म्हणाले वहिनी, तुमच्या स्लॅबच्या मुख्य सळया या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत आहेत, लांबीत भोक पाडलंत तर जास्त सळया कापल्या जातील, भोक अडीच बाय तीनच ठेवा आणि लांब बाजू सळयांच्या दिशेला ठेवा. शिवाय खालून भिंतीपासून भिंतीपर्यंत दोन लोखंडी चॅनेल टाकायला लावले. हे त्या सेक्शनवाल्याने आपणहून कधीच सांगितलं नसतं, त्याला काचेशी मतलब. तुमच्या घरी कोणी करणार असेल तर या एका गोष्टीत पैसे वाचवू नका, इंजिनिअरला आधी बोलवा.

कापायला मशीनवाले वेगळे आले, डायमंड ब्लेड, सतत पाणी सोडत कापतात. धूळ कमी पण खाली चुन्यासारखा राखाडी रबरबाट, देव आधीच पुढच्या खोलीत हलवले होते म्हणून बरं. कापलेला तुकडा मी मुद्दाम नीट बघितला. वर अगाशीच्या, म्हणजे गच्चीच्या, चायना मोझेकचे पांढरे तुकडे, त्याखाली विटांचा कोबा, मग साडेचार इंच स्लॅब आणि त्यात पीळ दिलेल्या टॉरच्या सळया, गंज जवळजवळ नाहीच. मामंजी रोज स्वतः उभे राहून स्लॅबवर पाणी मारायचे म्हणे, ते खरंच असावं.

यातला खरा हिरो आमचा कडिया, म्हणजे गवंडी. भोकाभोवती त्याने 8 इंच उंच पाळी बांधली, कोबा जिथे कापला गेला तिथे पाणी आत शिरू नये म्हणून पाळीच्या पायथ्याशी कोपरा भरून गोल वाटा काढला, वॉटरप्रूफिंग केलं आणि मग चारी बाजूंनी आळं करून दोन दिवस पाणी भरून ठेवलं. खाली एक थेंब नाही. काच न बसवताच! म्हणजे पुढे जे गळलं ते कोणाचं ते तुम्हीच ठरवा.

काच टफन (तापवून कडक केलेली) आणि लॅमिनेटेड, दोन काचा मधे फिल्म घालून चिकटवलेल्या. डोक्यावर लावायला हीच घ्या, नुसती टफन फुटली की बारीक तुकडे होऊन सगळी अंगावर येते, ही फुटली तरी फिल्मला धरून राहते. आणि टफन केल्यावर काच कापता येत नाही, त्यामुळे माप चुकलं की नवीन करायची. आमचं माप अर्थातच चुकलं, तीन आठवडे भोकावर ताडपत्री. दुसरी काच सेक्शनवाल्याने स्वतःच्या खर्चाने आणली, हे त्याच्या बाजूने लिहायलाच हवं.

बसवली त्या दिवशी घरभर व्हिनेगरसारखा वास. मला वाटलं लोणच्याची बरणी फुटली. तो वास फटी बुजवायच्या सिलिकॉनचा, आणि हा आंबट वासाचा सिलिकॉन सिमेंटवर नीट धरतच नाही, तिथे न्यूट्रल लागतो, हे मला जूनअखेरीस पहिल्या पावसात कळलं जेव्हा देवघरासमोर टपटप सुरू झाली. त्यात काच अगदी लेव्हलमध्ये बसवलेली, उतार शून्य, वर पाण्याचं तळं आणि त्यात कबुतरांचा प्रसाद. सेक्शनवाल्याला फोन केला की "काले आवुं छुं," म्हणजे उद्या येतो. अकरा वेळा काले. शेवटी यांनी दुकानात जाऊन बसकण मारली तेव्हा माणसं आली, सगळं खरवडून काढलं, कडियाने एका बाजूची पाळी दीड इंच वाढवली, न्यूट्रल सिलिकॉन लागला. ऑगस्टअखेर विश्वामित्रीला पूर आला तेव्हा जो पाऊस झाला तो सगळ्यांना आठवत असेल, अर्धं गाव पाण्यात होतं, आमची काच मात्र कोरडी राहिली.

उन्हाचं कोणीच सांगितलं नव्हतं. कर्कवृत्त आपल्या उत्तरेला आहे, म्हणजे जूनच्या पहिल्या आठवड्यात दुपारी बडोद्यात सूर्य अगदी डोक्यावर असतो आणि काच पण डोक्यावरच. फरशीवर पाय ठेववत नव्हता. सेक्शनवाला म्हणे आतून फिल्म लावा, पडदा लावा, पण आतून काही लावलं तरी ऊन तोवर घरात आलेलंच असतं. आम्ही बाहेरून काचेच्या हातभर वर हिरवी नर्सरीची जाळी ताणली, हुक लावले, एप्रिल ते पाऊस येईपर्यंत ठेवतो आणि मग काढतो. खर्च 600 रुपये. बरं झालं 4 फुटी घेतली नाही.

कोणी म्हणतं काचेवर एवढा भरवसा कशाला, तर मांडवीजवळच्या सेंट्रल लायब्ररीत जाऊन बघा. सयाजीरावांच्या वेळची, 1910 ला सुरू झालेली, आणि तिथे पुस्तकांच्या मजल्यांची जमीनच काचेची आहे, उजेड खालपर्यंत जावा म्हणून. लोक अजून त्यावरून चालतात.

आमच्या काचेवर चालू नये एवढं मात्र उत्तरायणला कळलं. 14 जानेवारीला अगाशीवर वीस-बावीस माणसं, स्पीकर, उंधियुं-जिलबी, सगळ्यांच्या माना वर, पायाखाली कोण बघतंय. आदल्या रात्री आम्ही काचेवर खाट उलटी टाकून ठेवली होती, तरी शेजारचा एक पोरगा पतंग कापल्याच्या नादात मागे येत येत खाटेवर बसलाच. म्हणून लोखंडी ग्रिल हवी, आणि ती सेक्शनवाल्याच्या कोटेशनमध्ये लिहिलेली आहे.

एकूण 58 हजार गेले, त्यातले कडियाचे आणि इंजिनिअरचे वसूल. काम म्हणून पाचपैकी साडेतीन, सर्व्हिसला दीड. कवडसा परत आलाय, सासूबाई आता घड्याळ न बघता दुपारचा चहा टाकायला सांगतात आणि दर महिन्याला मला बजावतात की सूर्य सरकला, वेळ बदलली. ग्रिल अजून आलेली नाही. त्याचे 4 हजार माझ्याकडे आहेत, ग्रिल लागली की देईन आणि मग त्याचं नाव पण लिहीन. कालच फोन केला होता. काले आवे छे.