कॅम्पसच्या गेटलगत रूम की थोडं लांब?
गेटलगत राहिलं की सकाळचं लेक्चर चुकत नाही, रात्री लायब्ररी बंद होईपर्यंत बसलं तरी पाच मिनिटांत पायी घरी, हे खरंच मोठं सुख आहे. पण सेमिस्टरच्या तोंडावर भाडी चढतात, पोरं दरवर्षी येणारच हे घरमालकाला पक्कं माहीत असतं, त्यामुळे गळका नळ अन् भिंतीची ओल तशीच राहते, वर परीक्षेच्या आदल्या रात्री शेजारी पार्टी.

लांब गेलात तर त्याच पैशात मोठी खोली, शांत शेजार. फक्त शेवटची बस कधीची ते आधी बघा.

पहिल्या वर्षाला गेटजवळच घ्या, थिसिस लिहिताय तर लांब. आणि कुठंही घेतलंत तरी सामान टाकायच्या आधी भिंती, नळ, मीटरचे फोटो काढून घरमालकाला पाठवाच, डिपॉझिटच्या वेळी तेच कामी येतात.