डार्टमूरवर डबे शोधायचे: फोन घेऊन की होकायंत्र घेऊन?

ब्रिस्टलला नव्याने राहायला आलेल्या एका मराठी कुटुंबाने विचारलं, "मुलांना घेऊन डार्टमूरवर यायचंय. जिओकॅशिंग करू, की तुम्ही करता ते लेटरबॉक्सिंग?" डार्टमूर म्हणजे नैर्ऋत्य इंग्लंडमधला उघडा, दलदलीचा माळ. तिथे मी चार वर्षं पहिलं केलं, गेली तीन वर्षं दुसरं करतोय. त्यांना फोनवर जे सांगितलं, तेच इथे जरा सविस्तर लिहितो.

जिओकॅशिंग तुम्हाला माहीत असेलच: कुणीतरी लपवलेला डबा जीपीएसने शोधायचा आणि आतल्या कागदावर सही करायची. 2 मे 2000 ला अमेरिकेने जीपीएसच्या संकेतांमध्ये मुद्दाम घातलेली चूक काढून टाकली आणि दुसऱ्याच दिवशी डेव्ह उल्मरने ऑरेगनमधल्या बीव्हरक्रीकजवळ एक बादली लपवून तिचे अक्षांश-रेखांश जाहीर केले. लेटरबॉक्सिंग मात्र याच माळावरचं. 1854 मध्ये चॅगफर्डच्या जेम्स पेरट नावाच्या वाटाड्याने क्रॅनमियर पूल या आडवाटेच्या दलदलीत एक बाटली ठेवली. तिथवर पोचणाऱ्याने आपलं कार्ड त्यात टाकायचं. पुढे लोक पत्रं ठेवायला लागले. नंतर येणाऱ्याने ती उचलून टपालात टाकायची. नाव पडलं ते त्यावरून. आता डब्यात एक रबरी शिक्का आणि एक वही असते. डब्यातला शिक्का तुम्ही आपल्या वहीत उमटवायचा, तुमचा स्वतःचा शिक्का तिथल्या वहीत.

सुरुवात करायला जिओकॅशिंग सोपं, यात वाद नाही. फोन खिशात असतोच. अवघडपणा आणि चढ किती, हे एक ते पाच आकड्यांत आधीच कळतं, त्यामुळे सात वर्षांच्या मुलाला कुठे न्यायचं हे घरी बसून ठरवता येतं. शिवाय हा छंद जगभर सोबत येतो. अर्थकॅश हा त्यातला प्रकार मला फार आवडतो. त्यात डबा नसतोच; समोरचा खडक नीट बघून भूगर्भाविषयीच्या प्रश्नांची उत्तरं द्यायची. सह्याद्रीच्या काळ्या बसाल्टवर वाढलेल्या माणसाला अठ्ठावीस कोटी वर्षांपूर्वीच्या ग्रॅनाइटवर हात फिरवताना जे वाटतं, ते मुलांनाही समजावून सांगता येतं.

मग मी ते का सोडलं? पूर्ण सोडलं नाही, पण मन उडालं ते एका कागदाच्या सुरळीमुळे.

नोव्हेंबरचा महिना होता. मी आणि मुलगी पावसातून चार-पाच किलोमीटर चालून एका टॉरखाली, म्हणजे माळावरच्या खडकाळ टेकाखाली, पोचलो. फोनचा बाण शेवटच्या पाच-सात मीटरांत फिरायला लागला, तो फिरतोच. त्याचं काही नाही. अर्ध्या तासाने दगडाच्या फटीत करंगळीएवढी नळी सापडली. आत विडीएवढी जाड कागदाची सुरळी, पाण्याने लगदा झालेली. गारठलेल्या बोटांनी ती उलगडेना. मुलीने पेन टेकवलं आणि कागद फाटला. मी फोनवर 'सापडलं' अशी नोंद केली. परत येताना तिने विचारलं, "बाबा, पण आपली सही कुठे राहिली?" त्याच हिवाळ्यात हे आणखी तीनदा झालं. मोठे, सुके, छान राखलेले डबेही असतात, हे कबूल. पण आमच्या वाट्याला या नळ्याच जास्त आल्या.

लेटरबॉक्सिंगमध्ये असं घडत नाही असं नाही; वह्या तिथेही भिजतात. पण रबर भिजत नाही. पहिला डबा सापडला तेव्हा वही ओली होती, तरी शिक्का शाबूत होता: हाताने कोरलेली टिटवी, एक पाय उचललेली. मुलीने स्टॅम्पपॅडवर तो दाबला, वहीवर टेकवला, श्वास रोखून उचलला. मानेवरची पिसंसुद्धा उमटली होती. ते पान ती अजून सगळ्यांना दाखवते.

डब्याची खूण मात्र होकायंत्राच्या अंशांत दिलेली असते, ती नीट वाचावी लागते. 'चर्चचा मनोरा 194 अंश, टॉरचं टोक 87 अंश, दुभंगलेल्या धोंड्यापासून सोळा पावलं खाली.' म्हणजे आधी मनोरा कुठला ते ओळखा, मग टॉर कुठला ते. असं करत करत तीन वर्षांत मुलीला या भागातले बहुतेक टॉर नावानिशी ओळखता येऊ लागले. फोनच्या चार वर्षांत मला स्वतःलाही ते आले नव्हते.

उणीव मोठी आहे, तीही सांगतो. धुकं उतरलं की मनोरा नाही, टॉर नाही, बेअरिंग, म्हणजे दिशेचे अंश, घेणार कशाचं? पावसाळ्यात गडावर अडकलेल्यांना हे वेगळं सांगायला नको. अशा दिवशी आम्ही सरळ परत फिरतो. आणि डार्टमूरबाहेर हा छंद फारसा उपयोगी पडत नाही. वर्षातून दोनदाच इकडे येणार असाल, तर बहुधा जिओकॅशिंगच बरं.

पण येत राहणार असाल, तर एकदा शिक्का आणि वही घेऊन या. ऑर्डनन्स सर्व्हेचा डार्टमूरचा ओएल 28 हा नकाशा घ्या, फोन मात्र वाट चुकली तर हवा म्हणून बॅगेत असू द्या. उत्तरेकडच्या मोठ्या भागात लष्कराचा गोळीबाराचा सराव चालतो, तेव्हा आदल्या दिवशी वेळापत्रक बघा आणि लाल निशाण दिसलं तर पुढे जाऊ नका. शंभर डबे झाले की 'हंड्रेड क्लब'मध्ये जाता येतं. मुलीचे एकसष्ट झालेत. तुमच्या मुलांचा शिक्का खोडरबरावर कोरायला ती तयार आहे, फक्त चित्र कशाचं हवं ते आधी कळवा.