मिरजेतल्या माझ्या ट्रान्सफॉर्मरचं विश्रामबागला झालेलं काम

सतारमेकर गल्लीपासून पाच मिनिटांवर माझी रेकॉर्डिंगची छोटी खोली आहे. वाड्याचं वायरिंग जुनं, हम (विजेची गुणगुण) जाता जात नाही, म्हणून मिक्सर आणि रेकॉर्डरच्या मध्ये आवाजाचा सिग्नल नेणारा ट्रान्सफॉर्मर लावला. हम गेला, पण तबलजीनं डग्ग्यावर मनगट घासलं की आवाज नाकात बोलल्यासारखा यायला लागला. तानपुऱ्यावर ही खोट पकडता येत नाही. काळी एक पट्टीचा खर्ज, म्हणजे खालचा सा, साधारण ६९ हर्ट्झचा. ट्रान्सफॉर्मर त्यात मिसळतो तो तिसरा हार्मोनिक (मूळ स्वराच्या तिप्पट कंपनांचा स्वर) म्हणजे पंचम, आणि तो तारेत मुळातच असतो. डग्गा मात्र लगेच चुगली करतो.

सांगलीत विश्रामबागला दुरुस्तीचं दुकान असलेल्या काकांनी नवा ट्रान्सफॉर्मर गळ्यात मारला नाही, याचं मला फार कौतुक आहे. त्यांनी मल्टिमीटर लावून दाखवलं: प्रायमरी, म्हणजे सिग्नल आत घेणारं तांब्याचं वेटोळं, ६२ ओहम. कोअरला (आतल्या धातूच्या गाभ्याला) चुंबकत्व देणारा करंट वेडावाकडा असतो, स्वर जितका खालचा आणि जोराचा तितका जास्त. तांब्याच्या या ६२ ओहममधून जाताना तो व्होल्टेज खातो, तिथेच आवाज बिघडतो. काकांनी ट्रान्सफॉर्मरच्या आधी एक ऑपअँप (सिग्नल वाढवणारी चिप) बसवला. तो छोट्या रेझिस्टरवर करंट मोजतो आणि तांबं जेवढं खाणार तेवढं व्होल्टेज आधीच वाढवून देतो. ४० हर्ट्झला तिसरा हार्मोनिक ०.९ टक्क्यावरून ०.०४ वर आलेला मी स्क्रीनवर पाहिला. घरी येऊन डग्गा ऐकला आणि खरंच डोळे भरून आले.

तक्रार एकच, पण मोठी. काम मे महिन्यात झालं आणि ऑपअँपची ही भरपाई थेट ६० ओहमवर ठेवली. तांब्याचा रेझिस्टन्स दर अंशाला सुमारे ०.४ टक्के बदलतो. जानेवारीत पहाटेच्या रियाजाला तो ५६ वर उतरला, भरपाई त्याच्या वर गेली आणि सर्किट धक्‌धक् करत बसलं. एक अख्खी भैरवी वाया गेली. काकांनी पैसे न घेता ५२ वर आणून दिलं. आता उन्हाळ्यात डिस्टॉर्शन (आवाजाचा बिघाड) थोडं वाढतं, तरी आधीपेक्षा कितीतरी कमी.

खर्च १,८०० रुपये. दहा दिवस सांगून तीन आठवडे लागले. तुम्ही करून घेणार असाल तर प्रीसेटसमोर (भरपाई कमी-जास्त करायच्या स्क्रूसमोर) डब्याला भोक पाडून घ्या, म्हणजे थंडीत स्क्रूड्रायव्हर घालून भरपाई बाहेरूनच कमी करता येईल.